'यूज्ड टू' कसं वापरायचं: राहायचो, सवय आहे, सवय झाली

'आय यूज टू हँडल ऑल द बिलिंग.' मुंबईत नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य सर्रास ऐकू येतं. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, 'बिलिंगचं सगळं काम मी बघतो', म्हणजे आजही. समोरच्याला ऐकू येतं, 'बघायचो', म्हणजे आता बघत नाही. एवढ्याशा चुकीने अनुभवाचा अर्थच फिरतो. म्हणून हा शब्दप्रयोग एकदा नीट बसवून घ्यायला हवा, आणि मराठी माणसाला ते सोपं आहे. 'राहायचो', 'सवय आहे', 'सवय झाली' ही आपली रूपं जवळपास सगळं काम करून देतात.

पायरी 1: वर्तमानातून काढून टाका

'यूज्ड टू' ला वर्तमानकाळ नाही. रोज, नेहमी, सहसा करतो अशा गोष्टीसाठी 'आय यूज टू' असं काही इंग्रजीत नाहीच. तिथे साधा वर्तमानकाळ वापरायचा आणि हवा तर 'युज्वली' जोडायचा.

चूक: 'आय यूज टू टेक द फास्ट लोकल एव्हरी डे.'
बरोबर: 'आय टेक द फास्ट लोकल एव्हरी डे.'

ही चूक पसरण्याचं कारण उच्चारात आहे. 'यूज्ड' मधला शेवटचा 'ड' पुढच्या 'टू' मध्ये विरतो आणि कानाला फक्त 'यूस्टू' ऐकू येतं. त्यामुळे लिहिताना लोक डी गाळतात, आणि डी गेला की शब्द वर्तमानातला वाटायला लागतो. बोलताना 'यूस्टू' म्हणा, लिहिताना मात्र यू-एस-ई-डी.

पायरी 2: 'खेळत होतो' च्या जागी 'खेळायचो' बसतं का ते बघा

भूतकाळातली सवय किंवा स्थिती, जी आता राहिलेली नाही, तिच्यासाठी 'यूज्ड टू' आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. 'आय यूज्ड टू लिव्ह इन परळ', मी परळला राहायचो. कर्ता कोणीही असो, रूप बदलत नाही: ही, शी, दे, वुई, सगळ्यांना तेच.

आपली अडचण होते 'त होतो' या रूपामुळे. मराठीत ते दोन कामं करतं. 'लहानपणी मी शिवाजी पार्कला क्रिकेट खेळत होतो' आणि 'तुझा फोन आला तेव्हा मी क्रिकेट खेळत होतो' ही दोन्ही वाक्यं आपल्याला सहज वाटतात. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे 'आय वॉज प्लेइंग' चालत नाही. पहिल्या वाक्यात 'खेळायचो' घालून बघा. बसतं, म्हणून 'आय यूज्ड टू प्ले'. दुसऱ्यात घालून बघा: 'फोन आला तेव्हा मी खेळायचो' हे मराठीतच विचित्र वाटतं, म्हणून तिथे 'आय वॉज प्लेइंग'. ही एक कसोटी पक्की झाली तर बऱ्याच चुका थांबतात.

हीच कसोटी आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. 'मी पाच वर्षं परळला राहायचो' असं आपण म्हणत नाही, 'राहिलो' म्हणतो. इंग्रजीतही तसंच. एकूण किती काळ किंवा एकूण किती वेळा हे सांगितलं की साधा भूतकाळ: 'आय लिव्ह्ड इन परळ फॉर फाइव्ह इयर्स', 'आय वेंट टू गोवा थ्री टाइम्स'. पण 'आठवड्यातून तीनदा पोहायला जायचो' ही सवय झाली, म्हणून 'आय यूज्ड टू गो स्विमिंग थ्री टाइम्स अ वीक' अगदी बरोबर.

कसोटी एका जागी कमी पडते, ती म्हणजे नुसत्या 'होता-होती' पाशी. 'इथे गिरणी होती', 'माझ्याकडे स्कूटर होती' यांत 'खेळायचो' सारखं 'यचो-यची' रूप सहसा येत नाही. तिथे वाक्याआधी 'पूर्वी' लावा आणि मनात 'आता नाही' म्हणा. दोन्ही जुळलं की 'देअर यूज्ड टू बी अ मिल हिअर', 'आय यूज्ड टू हॅव अ स्कूटर'. या रचनेच्या सरावाला मुंबईसारखं शहर नाही. लोअर परळला फिनिक्स मॉलच्या जागी गिरणी होती. प्रभादेवी स्टेशनचं नाव 2018पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं: 'प्रभादेवी यूज्ड टू बी कॉल्ड एल्फिन्स्टन रोड'. शहरात ट्राम धावायच्या: 'ट्राम्स यूज्ड टू रन इन मुंबई'. त्या बंद पडणं ही मात्र एकदाच घडलेली घटना, म्हणून 'दे स्टॉप्ड इन 1964'. घरातल्या मोठ्या माणसांकडून जुन्या मुंबईबद्दल ऐकावं आणि एकेक वाक्य असं मांडत जावं, याहून चांगला सराव नाही.

'आता नाही' ही छटा मुद्दाम मोडायची असेल तर तसं स्पष्ट म्हणावं लागतं: 'आय यूज्ड टू गो देअर, अँड आय स्टिल डू.'

पायरी 3: प्रश्न आणि नकार

'डिड' आला की भूतकाळाचा भार तो उचलतो आणि लिहिताना डी गळतो: 'डिड यू यूज टू लिव्ह हिअर?', 'आय डिडन्ट यूज टू लाइक कारलं'. 'नेव्हर' सोबत 'डिड' नसतो, म्हणून डी राहतो: 'ही नेव्हर यूज्ड टू कम लेट'. उच्चार सगळीकडे तोच, 'यूस्टू'.

आठवणी सांगताना 'यूज्ड टू' च्या जागी 'वुड' सुद्धा येतो: 'एव्हरी संडे वुई वुड गो टू चौपाटी'. तो फक्त पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीसाठी, आणि काळ आधी सांगितलेला असेल तरच. राहणं, असणं, आवडणं अशा स्थितीसाठी 'वुड' घालू नका. 'आय वुड लिव्ह इन परळ' याचा अर्थ 'मी परळला राहीन (जमलं तर)' असा काहीतरी होऊन बसतो.

पायरी 4: 'सवय आहे' साठी 'ॲम' जोडा आणि पुढचं क्रियापद बदला

'यूज्ड टू' च्या आधी 'ॲम, इज, आर, वॉज' आलं की अर्थ पूर्ण वेगळा: सवय असणं, अंगवळणी पडलेलं असणं. हे कुठल्याही काळात चालतं.

'आय ॲम यूज्ड टू द क्राउड.' मला गर्दीची सवय आहे.
'शी वॉझन्ट यूज्ड टू द ह्युमिडिटी.' तिला इथल्या दमट हवेची सवय नव्हती.

इथे 'टू' नंतर नाम येतं. क्रियापद आणायचं असेल तर त्याचंही नाम करावं लागतं, म्हणजे शेवटी आय-एन-जी. सगळ्यात जास्त घसरगुंडी इथेच होते.

चूक: 'आय ॲम यूज्ड टू वर्क ॲट नाइट.'
बरोबर: 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट.'

शंका आली तर 'टू' नंतर 'इट' (म्हणजे 'ते', आय-टी) ठेवून बघा. 'आय ॲम यूज्ड टू इट' हे पूर्ण वाक्य वाटतं, म्हणून क्रियापदाला आय-एन-जी लागणार. 'आय यूज्ड टू इट' मात्र या अर्थाने अर्धवट राहतं, म्हणून तिथे मूळ रूप.

चुकीचं वाक्य इतकं खटकतं कारण 'इज यूज्ड टू' आणि मूळ क्रियापद ही जोडी वस्तूच्या वापरासाठी आहे: 'धिस नाइफ इज यूज्ड टू कट ब्रेड', ही सुरी पाव कापायला वापरतात. या अर्थी उच्चारही बदलतो. 'स' ऐवजी झकाराकडे झुकणारा आवाज येतो, 'यूझ्ड'. माणसासाठी ही रचना वापरली तर त्याला कुणीतरी अवजारासारखं वापरतंय असं ऐकू येतं.

मराठीतली 'सवय' ऐकून लगेच 'हॅबिट' कडे धावू नका. नखं खाणं, पहाटे उठणं अशा आपण आपसूक करतो त्या गोष्टींसाठी 'हॅबिट' ठीक. गर्दी, उकाडा, शेजारच्या बांधकामाचा आवाज हे आपण करत नाही, आपल्याला त्याचं काही वाटेनासं होतं. तिथे 'आय हॅव अ हॅबिट ऑफ क्राउड' म्हणू नये, 'ॲम यूज्ड टू' च म्हणावं.

पायरी 5: 'सवय होणं' म्हणजे 'गेट'

'आहे' ला 'ॲम', 'होणं' ला 'गेट'. बाकी रचना चौथ्या पायरीसारखीच.

सवय होतेय: 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट.'
सवय झाली: 'आय गॉट यूज्ड टू इट', किंवा आता झालीये म्हणायचं तर 'आय हॅव गॉट यूज्ड टू इट'.
होईल सवय: 'यू विल गेट यूज्ड टू इट.' विरारच्या गाडीत पहिल्यांदा चढलेल्या नवख्याला धीर द्यायला हेच वाक्य.
सवयच होत नाही: 'आय कान्ट गेट यूज्ड टू इट.'

'दोन महिन्यांनी सवय झाली' याला 'आय वॉज यूज्ड टू इट आफ्टर टू मंथ्स' पेक्षा 'आय गॉट यूज्ड टू इट आफ्टर टू मंथ्स' नेमकं, कारण इथे बदल घडल्याचं सांगायचंय.

करून बघा

आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मग खालची उत्तरं वाचा.

1. पूर्वी आमच्या चाळीत सार्वजनिक नळ होता.
2. मी सात वर्षं ठाण्यात राहिलो.
3. ती रोज 8:12ची लोकल पकडते.
4. मला गाडीत उभं राहायची सवय आहे.
5. बाबांना अजून स्मार्टफोनची सवय झालेली नाही.

पहिल्यात 'देअर यूज्ड टू बी अ कॉमन टॅप इन अवर चाळ'. दुसऱ्यात 'यूज्ड टू' येतच नाही, कारण एकूण काळ दिलाय: 'आय लिव्ह्ड इन ठाणे फॉर सेव्हन इयर्स'. तिसऱ्यातही नाही, कारण गोष्ट आजची आहे: 'शी कॅचेस द 8:12 लोकल एव्हरी डे'. चौथं 'आय ॲम यूज्ड टू स्टँडिंग ऑन द ट्रेन'. 'स्टँड' म्हणाला असाल तर 'इट' ची कसोटी पुन्हा लावा. पाचवं 'बाबा हॅझन्ट गॉट यूज्ड टू हिज स्मार्टफोन येट', आणि तो फोन वापरण्याची सवय म्हणायची असेल तर 'गॉट यूज्ड टू यूझिंग हिज स्मार्टफोन'. या शेवटच्या वाक्यात 'स' आणि 'झ' लागोपाठ येतात, तेव्हा ते मोठ्याने चार वेळा म्हणा.