घाटात ब्रेक फेल: या चुका टाळा

घाटात ब्रेक अचानक फेल झाले असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, गिअर कुठला होता? उत्तर बहुतेक वेळा चौथा, नाहीतर न्यूट्रल. मग अचानक काही झालेलं नसतं. मागचे पाच-सात किलोमीटर पेडल दाबून दाबून ब्रेकच्या डिस्क तापलेल्या असतात, जळका वास सुटलेला असतो, आणि काचा बंद करून एसी लावल्यामुळे तो गाडीत कुणाला आलेला नसतो.

न्यूट्रलची मला मनापासून चीड आहे. पेट्रोल वाचतं म्हणून उतारावर गाडी सोडून द्यायची. अहो, आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचं इंधन आपोआप तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर गाडी रोखायला इंजिनाची मदत नाही, सगळं ओझं ब्रेकवर. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड वाहनाने कितीतरी गाड्या चिरडल्या. आधी ब्रेक फेल झाल्याचं बोललं गेलं. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं पोलिसांच्या तपासात पुढे आलं.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले आहेत आणि त्यात बदल करावा असं काही घडलेलं नाही. ऑटोमॅटिकवाल्यांनीही ‘डी’वर निवांत बसू नये, ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोडमध्ये दुसरा-तिसरा टाकावा.

दुसरी चूक जीवघेणी: घाबरून चावी फिरवणं. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना माझ्या मावसभावाचा मुलगा गाडी चालवत होता, मी शेजारी. नवीन लायसन्स, पुढच्या प्रत्येक गाडीला मागे टाकायची घाई. दुसरा टाक म्हणून सांगत होतो, तर म्हणे इंजिन ओरडतं. थोड्या वेळाने त्याचा आवाजच बदलला. “काका, पेडल खाली जातंय!” मागून त्याचे वडील ओरडले, “चावी काढ, चावी!” त्याचा हात चावीकडे गेलासुद्धा. मी तो धरून ठेवला. “चावीला हात लावू नकोस. पंप कर, पेडल भराभर दाब-सोड. आता तिसरा. क्लच सोड. आता दुसरा.” दुसरा पडला तेव्हा इंजिन किंचाळलं आणि सगळे पुढे फेकले गेलो, पण वेग उतरला. हँडब्रेकचं बटण दाबून धरून मी तो थोडा थोडा ओढत गेलो आणि डोंगराच्या बाजूच्या गटारीत डावी चाकं घालून गाडी थांबली. बंपर गेला. माणसं शाबूत.

चावी बंद केली असती तर पॉवर स्टिअरिंग जड झालं असतं, पायाचा जोर वाढवून देणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरची मदत एक-दोन दाबांत संपली असती, आणि चावी उपसून काढली असती तर स्टिअरिंग लॉक होऊन पुढचं वळण घेताच आलं नसतं.

पेडल काय सांगतंय ते पायाला कळलं पाहिजे. मऊ होऊन तळाला जात असेल तर ब्रेकचं तेल गळतंय किंवा उकळलंय; पंप करा, थोडा दाब परत येतो. दगडासारखं घट्ट झालं असेल तर बहुधा बूस्टर गेलाय; तिथे पंप करू नका, उरलेली मदतही संपेल. दोन्ही पायांनी जीव खाऊन दाबून धरा. पेडल नेहमीसारखं, पण गाडी थांबत नाही, तर डिस्कला घासणारे पॅड तापलेत, गिअर उतरवा.

हँडब्रेक एका झटक्यात ओढू नका, मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. इलेक्ट्रॉनिक असेल तर बहुतेक गाड्यांत स्विच सतत धरून ठेवावा लागतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल आजच बघा. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी नको, घरंगळून पेडलखाली अडकते. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा.

ब्रेक ऑइलकडे तर कुणी ढुंकूनही बघत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं तेल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल ते बुडबुडेच दाबत बसतं. मी दर दोन वर्षांनी पावसाळ्यानंतर सगळं तेल बदलून घेतो. वरून भर घालून भागवणाऱ्या मेकॅनिककडे मी गाडी देत नाही.

शेवटची चूक गाडी थांबल्यावर होते. चाकांवर पाणी ओततात. तापलेली डिस्क त्याने वाकडी होऊ शकते, तडकूही शकते. नाहीतर अर्ध्या तासाने पेडल पुन्हा टणक लागतं आणि “झालं ठीक” म्हणत निघतात. वाफ थंड झाली म्हणून पेडल परत आलंय. तेल तेच आहे आणि घाट अजून संपलेला नाही. चाकाला दगड लावा, माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा, इशाऱ्याचा त्रिकोण मागच्या वळणाच्याही मागे, येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा ठेवा आणि टोइंगला फोन लावा.