नोकरी शोधताना मी केलेल्या चुका

पहिली नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हा चार महिन्यांत मी एकशे चाळीसच्या आसपास अर्ज केले. फोन आले पाच. तेव्हा वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. पुढे काही वर्षांनी मला आमच्या विभागासाठी माणूस निवडायला बसवलं आणि एका सकाळी माझ्यासमोर ऐंशी अर्ज आले. माझं रोजचं काम सांभाळून ते दुपारपर्यंत चाळायचे होते. एका अर्जाला दीड-दोन मिनिटांच्या वर वेळ देताच येत नव्हता. त्यातले निम्मे अर्ज तंतोतंत माझ्या जुन्या अर्जासारखे होते. ते पाहून मला फार वाईट वाटलं. कारण लिहिणारी माणसं कामाची असणार हे मला कळत होतं, पण कागदावर ते कुठेच दिसत नव्हतं.

नव्याने नोकरी शोधणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच आहे: आपला अर्ज एकदा त्या टेबलाच्या पलीकडे बसून वाचा.

माझ्या रेझ्युमेतली एक ओळ अशी होती: 'स्टोअर्स विभागाचे संपूर्ण कामकाज पाहिले.' मला ती भारदस्त वाटायची. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? किती माल, किती माणसं, काय सुधारलं, काहीच नाही. नंतर मी तीच ओळ बदलली: 'तीन गोदामांतल्या सुमारे चार हजार वस्तूंचा साठा दर आठवड्याला मोजून नोंदींशी जुळवला, वर्षअखेरीची मोजणी सहा दिवसांवरून दोन दिवसांवर आणली.' काम तेच, माणूस तोच. पण या ओळीवर पुढच्या प्रत्येक मुलाखतीत प्रश्न आला आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला झोपेतही देता आलं असतं. तुम्ही अगदी नवखे असाल तरी कॉलेजमधला प्रकल्प, सुट्टीतलं काम, एखाद्या कार्यक्रमाचा सांभाळलेला हिशेब अशा गोष्टी आकड्यांसकट लिहिता येतात. मात्र आकडा खरा हवा. फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला फुटतो.

दुसरी चूक याच पोटातली. सगळीकडे एकच रेझ्युमे. लिओनार्दो दा विंचीने १४८२च्या सुमारास मिलानची सत्ता हाती असलेल्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही आहे. स्फोर्झाला युद्धाची चिंता होती. म्हणून लिओनार्दोने आधी हलवता येणारे पूल, तोफा, वेढा घालण्याची साधनं, चिलखती गाड्या यांबद्दल लिहिलं. शांततेच्या काळात इमारती आणि पाणी वाहून नेण्याची कामं करीन हे त्यानंतर, आणि चित्रकलेचा उल्लेख पार शेवटाकडे. समोरच्याला काय हवंय ते पाहून आपल्याकडचं काय वर ठेवायचं, हे यापेक्षा चांगलं मला कुणी शिकवलेलं नाही. प्रत्येक अर्जाला सगळा रेझ्युमे नव्याने लिहावा लागत नाही. वरच्या चार ओळी बदलायच्या, अनुभवातल्या मुद्द्यांचा क्रम बदलायचा. अर्धा तास जातो. दिवसाला दहा अर्ज टाकण्यापेक्षा असे दोन टाका.

जाहिरात जपून ठेवा, ही अगदी साधी गोष्ट. भरती सुरू झाली की ती पोर्टलवरून काढलीही जाते. तीन आठवड्यांनी फोन येतो आणि आपल्याला आठवतच नाही त्यांनी काय मागितलं होतं. मी एक वही केली होती: कंपनी, पद, अर्जाची तारीख, कोणता रेझ्युमे पाठवला, कुणाशी बोलणं झालं. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. त्यामुळे दोन रकाने, तक्ते, चित्रात घातलेला मजकूर टाळा. सरळ मांडणीच बरी.

ओळखीच्या बाबतीत मी सर्वात जास्त नुकसान करून घेतलं. नोकरी शोधतेय हे सांगायची मला लाज वाटायची. सांगितलं ते फक्त दोन जवळच्या मैत्रिणींना, आणि त्यांना जे माहीत होतं ते मलाही माहीत होतंच. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली नेमकं हेच मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना बातमी मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. जुने सहकारी, वर्गातली मागच्या बाकावरची मुलगी, कामानिमित्त फोनवर बोलणारा माणूस, यांचं जग आपल्यापेक्षा वेगळं असतं. त्यांना विचारा, पण 'काही असेल तर बघा ना' असं विचारू नका. त्यावर कुणालाच काही सुचत नाही. 'मी साठा आणि खरेदीचं काम पाच वर्षं केलंय, त्याच कामात थोडी मोठी जबाबदारी शोधतेय, तुमच्याकडे या विभागात कुणाशी बोलता येईल?' असा निरोप पाठवला की उत्तर येतं. मला आलं.

मुलाखतीबद्दल दोनच गोष्टी. जुनी नोकरी का सोडताय, याचं उत्तर आधी मोठ्याने बोलून बघा. एका मुलाखतीत मी साहेबांच्या तक्रारी सांगत बसले आणि समोरच्या बाईंनी हळूच पेन खाली ठेवलं. तो क्षण मला अजून दिसतो. आणि 'तुम्हाला काही विचारायचंय?' याला 'नाही' म्हणू नका. या जागेवर आधी कोण होतं, ते का गेलं, पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता ती चूक, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. एका कंपनीतून फोन आला, 'तुमचं नक्की झालंय, लेटर दोन दिवसांत येईल.' आनंदाच्या भरात मी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. दोन दिवसांचे दहा झाले. मग कळलं, ती जागाच थांबवली आहे. फोन करणाऱ्या माणसाने फसवलं नव्हतं, त्यालाही वरून तसंच सांगितलं गेलं होतं. माझ्या जुन्या जागेवर तोवर दुसरी व्यक्ती ठरली होती. अडीच महिने पगाराविना काढले आणि शेवटी घाबरून, मनाविरुद्ध, मिळाली ती नोकरी धरली. ऑफर लेटर हातात येऊन, वाचून, सही होईपर्यंत राजीनामा देऊ नका. कितीही गोड बोलणं झालं तरी नाही. वाचताना पगारातला ठरलेला भाग किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, प्रोबेशन, म्हणजे कायम होण्याआधीचा चाचणीचा काळ, किती महिने, नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करायचा काळ, किती, काम कुठे बसून करायचं, हे बघा. तोंडी कबूल केलेलं एखादं कलम लेटरमध्ये नसेल तर नम्रपणे ईमेल करून मागा. मी नंतर दोनदा मागितलं, दोन्ही वेळा त्यांनी घालून दिलं.

नोकरीसाठी कुणी नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत म्हणून पैसे मागितले तर तिथेच थांबा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७च्या करारातही, मोजके अपवाद वगळता, खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये असंच म्हटलं आहे.

रेफरन्स म्हणून ज्यांचं नाव देणार, त्यांना आधी कळवा आणि कोणत्या कामासाठी अर्ज केलाय तेही सांगा. माझ्या जुन्या वरिष्ठांना मी न सांगता नाव दिलं होतं. त्यांना फोन आला तेव्हा ते दुसऱ्या गडबडीत होते आणि मी नेमकं काय काम करायचे ते त्यांना पटकन आठवेना. पुढच्या वेळी मी त्यांना आदल्या दिवशीच चार ओळींचा निरोप पाठवला, गोदामांच्या मोजणीच्या त्या आकड्यासकट.