जुना लॅपटॉप चालू होत नाही? या चुका टाळा

लॅपटॉप चालू झाला नाही की घाईघाईत त्याच्यावर जे प्रयोग होतात, त्यांनीच बरेचदा मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान होतं. ग्रँट रोडला, लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीच्या टेबलावर मी हे सतत बघतो. चुकाही त्याच त्याच, म्हणून लिहायला बसलो.

भिजलेल्या मशीनचं बटण दाबून बघणं

पावसाळ्यात हे सर्रास चालतं. डोंबिवलीचा एक मुलगा, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. भर पावसात लोकलच्या दारात उभा होता, लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत. घरी जाऊन त्याने तो पुसला, तांदळाच्या डब्यात ठेवला आणि जरा वेळ गेला की बाहेर काढून बटण दाबून बघत राहिला. माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "काका, काल रात्री लाइट लागली होती हो!" झाकण उघडलं, तर चार्जिंगच्या भागात हिरवट थर चढलेला आणि एका आयसीभोवती, म्हणजे चिपभोवती, मदरबोर्ड जळून काळा पडलेला.

नुसत्या पाण्याने बोर्ड सहसा लगेच मरत नाही. ओल असताना करंट फिरला की धातू झिजतो आणि शॉर्ट होतो. मशीन बंद दिसलं तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डच्या काही भागात करंट असतोच. त्या मुलाने पहिल्याच रात्री बॅटरी सोडवली असती, तर बोर्ड वाचायची बरीच आशा होती. प्रोजेक्ट हार्ड डिस्कवर शाबूत मिळाला, बोर्ड मात्र गेला.

म्हणून आधी चार्जर काढा, मग बॅटरी. बॅटरी आत असेल तर मागचे स्क्रू काढून तिचा कनेक्टर सोडवा. जमत नसेल तर तसंच बंद मशीन लगेच दुकानात न्या. तांदळाने आतलं पाणी निघत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये जाते. हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं. दुधा-साखरेचा चहा सांडला असेल तर नुसतं सुकवून भागत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड धुतल्याशिवाय मी तरी करंट देत नाही.

पिन बसते, म्हणून कुठलाही चार्जर लावणं

बऱ्याच जुन्या लॅपटॉपना १९ किंवा १९.५ व्होल्ट लागतात. राउटरचा अडॅप्टर सहसा १२ व्होल्टचा असतो; पिन बसली म्हणून तो चालत नाही. लेबलवर व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती वाकली किंवा तुटली तर मशीन चालतं पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि लोक उगाच नवी बॅटरी घेऊन बसतात. मी कुठलंही मशीन उघडण्याआधी मल्टिमीटरने, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरने, चार्जर तपासतो. साधा मीटर घरात असावाच.

डिस्प्ले गेला, त्याला "मदरबोर्ड गेला" म्हणणं

याची मला फार चीड येते, कारण यात माणसाचे पैसे जातात. पंखा फिरतोय का? कॅप्स लॉकची लाइट लागते का? मग मशीन जिवंत आहे. एचडीएमआय किंवा व्हीजीए केबलने टीव्हीला जोडा; तिथे चित्र आलं तर दोष लॅपटॉपच्या डिस्प्लेचा. अंधारात स्क्रीनवर टॉर्च तिरका धरा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, गेलाय.

काहीच दिसत नसेल तर रॅम बघा. मुंबईच्या दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो. चार्जर-बॅटरी काढून, रॅम बाहेर घेऊन पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, भुगा झटका आणि क्लिप लागेपर्यंत परत बसवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण यूट्यूबवर बोर्ड गरम करायचे व्हिडिओ बघणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो.

बाकीच्या चुका

आत साठलेला करंट निघून जावा म्हणून चार्जर-बॅटरी काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरायचं असतं. लोक तीन सेकंदांत सोडतात.

टचपॅड वर उचललं गेलंय? बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, टोचू नका, दाबून बसवू नका.

बीप किंवा लाइटची उघडझाप मोजून लिहून ठेवा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ दिलेला असतो.

आणि मशीन दुरुस्तीला देताना, डिस्क निघत असेल तर ती काढून घरी ठेवा. पॉवर येतेय की नाही हे तपासायला डिस्क लागत नाही. कोणी "आधी फॉरमॅट मारू" म्हणालं, तर मशीन उचला आणि दुसऱ्या दुकानात जा.