लेगाटो आणि स्टॅकॅटोच्या मधली जागा: नागपुरातल्या नव्या पियानो विद्यार्थ्यांसाठी

नागपुरात पियानोकडे वळणारे बरेच जण आधी पेटी वाजवून आलेले असतात. बोटं तयार असतात, सूर ओळखता येतात, त्यामुळे पहिले काही महिने भराभर जातात. शिक्षक दोन शब्द शिकवतात: लेगाटो म्हणजे जोडून, स्टॅकॅटो म्हणजे तोडून. मग एक दिवस असा येतो की सगळे सूर बरोबर आहेत, लयही बरोबर आहे, पण वाजवलेलं सपाट वाटतं. मी शिकत असताना या टप्प्यावर बराच काळ होतो आणि आता शिकवतानाही सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्यावर देतो. बहुतेक संगीत या दोन शब्दांच्या मधे राहतं, आणि ती मधली जागा बोट उचलण्याच्या क्षणावर ठरते.

पेटीवाल्यांना हे समजायला थोडा वेळ लागतो, कारण पेटीवर सूर दाबल्यानंतरही भात्याने तो फुगवता किंवा कमी करता येतो. पियानोवर हातोडी तारेवर आदळून मागे गेली की सुराची ताकद ठरून गेली. पट्टी दाबलेली असेपर्यंत त्या तारेवरचा डॅम्पर वर उचललेला असतो. पट्टी सोडली की नमद्याचा तो तुकडा तारेवर बसतो आणि आवाज थांबतो. म्हणजे पेडल बाजूला ठेवलं, तर वाजवणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी राहतात: किती वेगाने दाबायचं आणि केव्हा सोडायचं. पहिलीवर सगळे मेहनत घेतात, दुसरी आपोआप होईल असं धरून चालतात. ती आपोआप होत नाही.

माझा आवडता रियाज सांगतो. मेट्रोनोम साठवर ठेवा, म्हणजे एक ठोका एका सेकंदाचा. उजव्या हाताची पाच बोटं सा ते प वर ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला एक सूर वाजवा. मनात प्रत्येक ठोक्याचे चार भाग करा. तबल्याचा 'ति-र-कि-ट' यासाठी अगदी सोयीचा आहे. प्रत्येक सूर 'ति'वर दाबायचा. आधी पुढचा 'ति' येईपर्यंत सोडायचाच नाही, हा लेगाटो. मग 'ट'वर सोडा: सूर पाऊण ठोका टिकला, हा पोर्टाटोच्या आसपासचा स्पर्श. मग 'कि'वर सोडा: अर्धा ठोका, नेहमीचा स्टॅकॅटो. शेवटी 'र'वर: पाव ठोका, स्टॅकॅटिसिमो. पाऊण, अर्धा, पाव ही जुन्या थिअरीच्या पुस्तकांतली ढोबळ मापं आहेत, प्रत्यक्ष रचनेत ती सैल होतात. पण कानाला फरक कळण्यासाठी सुरुवात मापानेच करा. 'ट'वर सोडणं सगळ्यात अवघड जातं. बोट एक तर लवकर झटकलं जातं, नाही तर पुढच्या सुरापर्यंत चिकटून राहतं. तिथेच थांबा, घाई करू नका. हा स्पर्श जमला की मनगट सैल झालेलं जाणवतं, आणि ती जाणीव पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

आता खुणा. सुराच्या डोक्याच्या वर किंवा खाली टिंब म्हणजे स्टॅकॅटो. पाचरीसारखी खूण म्हणजे त्याहून आखूड. आडवी रेघ म्हणजे टेन्युटो: सूर पूर्ण धरा, थोडं वजन द्या. टिंबांवरून स्लरची (सूर जोडण्याची) कमान गेली असेल तर तो पोर्टाटो: सूर सुटे, पण एका श्वासातले. नवे विद्यार्थी टिंब दिसताच बोट झटकतात आणि कमान विसरतात. कमान आधी वाचा. दोनच सुरांवर छोटी कमान असेल तर पहिल्यावर हात खाली, दुसऱ्यावर हलकेच वर. दुसरा सूर कमी जोरात आणि थोडा आखूड.

जिथे खूणच नाही तिथे काय करायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर काळाप्रमाणे बदलतं. योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख कीबोर्डवादनावरच्या 1753 च्या ग्रंथात सांगतो की जे सूर ना तोडायचे, ना जोडायचे, ना पूर्ण धरायचे, ते निम्म्या किमतीपर्यंत धरावेत. 1789 मध्ये जर्मन संगीतकार ट्युर्क म्हणतो, नेहमीच्या वादनात बोट सुराच्या किमतीपेक्षा थोडंसंच आधी उचलावं. 1801 मध्ये पियानोवादक-संगीतकार क्लेमेंटी लेगाटोलाच सर्वसाधारण नियम मानतो. अर्ध्या शतकात 'नेहमीचा स्पर्श' सुट्याकडून जोडलेल्याकडे सरकला. मोझार्टचं वादन नाजूक पण तुटक होतं, असं बेथोवनने सांगितल्याची नोंद त्याचा शिष्य चेर्नीने केली आहे, ती याच संदर्भात वाचावी.

याचा उपयोग तुम्हाला योहान सेबास्टियन बाखच्या दोन आवाजी इन्व्हेन्शन्स (छोट्या रचना) वाजवताना होतो. त्यांत अशा खुणा जवळपास नाहीतच. एफ मेजरमधली आठवी घ्या: सुरुवातीचे उड्या घेणारे क्वेव्हर्स (अर्ध्या ठोक्याचे सूर) सुटे ठेवा, मागून येणारे सेमीक्वेव्हर्स (पाव ठोक्याचे) जोडून वाजवा. दोन्ही हात एकमेकांचा पाठलाग करतायत हे लगेच ऐकू येतं. सगळंच जोडून वाजवलं तर एका हाताचं बोलणं दुसऱ्यात विरघळतं. 'लहान सूर जोडा, मोठे सोडा' हा अंदाज म्हणून चांगला आहे, कायदा म्हणून नाही.

एकच सूर पुन्हापुन्हा आला की वाद्य आडवं येतं. अपराइट (उभ्या) पियानोवर पट्टी बरीच वर आल्याशिवाय पुन्हा वाजत नाही, म्हणून तिथे फट पडणारच. ग्रँड (आडव्या) पियानोमध्ये, फ्रेंच पियानो बनवणाऱ्या एरारने 1821 साली पेटंट घेतलेल्या यंत्रणेमुळे, पट्टी पूर्ण वर येण्याआधीच सूर पुन्हा वाजतो. अपराइटवर सराव करणाऱ्यांनी अशा जागी खरा लेगाटो जमत नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नये. खालच्या जाड तारा थांबायला जास्त वेळ घेतात, त्यामुळे डाव्या हाताचा स्टॅकॅटो उजव्यापेक्षा आखूड लागतो. वरच्या साधारण दीड सप्तकाला तर डॅम्परच नसतात.

वाद्य घेताना स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड शक्यतो टाळा. वजनदार पट्ट्यांचा 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो या कामासाठी पुरेसा आहे, फक्त रियाजाच्या वेळी रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) बंद ठेवा, नाही तर सुरांमधली फट ऐकूच येत नाही. लाकडी पियानो असेल तर तो कूलरच्या झोतात ठेवू नका. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलरचा ओलावा आणि पुढे पावसाळा, यांत पट्ट्यांमधलं लाकूड आणि नमदा फुगतो, पट्टी संथपणे वर येते आणि तुमचा स्टॅकॅटो चिकट होतो. कूलरची घरघर सुरांची शेवटं झाकतेही. उन्हाळ्यात माझे विद्यार्थी हा रियाज पहाटे, कूलर लावायच्या आधी करतात.

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला बसणार असाल तर पहिल्या ग्रेडच्या ऑरल टेस्टमध्येच (ऐकण्याच्या चाचणीत), ऐकवलेला तुकडा जोडलेला होता की सुटा, हे विचारतात. आणि या ऐकण्याच्या चाचणीपेक्षा मोठं वजन तीन रचनांचं आहे: प्रत्येकी 30, म्हणजे 150 पैकी 90 गुण. रचना बसवताना एक फोटोकॉपी घ्या, खूण नसलेल्या प्रत्येक वाक्यावर पेन्सिलने ठरवा: जोडायचं, 'ट'वर सोडायचं की 'कि'वर. पंधरवड्याने तीच कॉपी समोर ठेवून रेकॉर्डिंग ऐका आणि जिथे मत बदललं असेल तिथे खोडून नवं लिहा.