वृक्षासन जमतं, तरी वळताना तोल का जातो? ज्येष्ठांनो, या चुका टाळा

एका पायावर पंधरा-वीस सेकंद छान उभं राहता येतं, पण मागून हाक आली की वळताना झोक जातो. आसन वाया गेलं असं नाही. आपण सराव करतो स्थिर राहण्याचा आणि पडतो हलताना. कॅनडातल्या वृद्ध निवासांत कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पडण्याच्या घटना संशोधकांनी तपासल्या. २०१३ साली आलेल्या त्या अभ्यासात ४१ टक्के वेळा कारण होतं शरीराचा भार चुकीच्या रीतीने सरकणं. पाय घसरून पडणारे अगदी थोडे होते.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे आसनात जाण्याची आणि त्यातून सुटण्याची घाई. आधी ताडासनात उभे राहा. चार आकडे मोजत भार उजव्या पायावर न्या, डावी टाच उचला, चवडा जमिनीवरच राहू द्या. तितक्याच सावकाश परत या. दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा हे जमलं की मगच वृक्षासन. तेही एका पायाचा तळवा दुसऱ्या पायाच्या घोट्यापाशी आणि बोटं जमिनीला टेकवून. गुडघ्यावर तळवा दाबू नका. पाय खाली ठेवताना आपटला, तर तो उचलायची वेळ अजून आलेली नाही, असं समजा. आसन किती वेळ धरलं हे सगळे मोजतात. ते कसं सोडलं, हे शिक्षकांनी जरूर पाहावं.

ध्यान लागावं म्हणून उभ्यानेच डोळे मिटू नका. डोळे, आतला कान आणि तळवे-सांधे अशा तिन्हीकडून मेंदूला तोलाची खबर मिळते. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील तर डोळ्यांवरच मोठी भिस्त असते. तळव्यांना जमीन कळावी म्हणून मोजे काढा, जाड मऊ मॅटही बाजूला ठेवा.

आधार घेण्यात कमीपणा नाही. खुर्ची बिनचाकांची, भिंतीला टेकवलेली हवी. मात्र ती घट्ट आवळून धरली तर पाय काम करत नाहीत. आधी पूर्ण हात, काही दिवसांनी फक्त बोटांची टोकं.

शवासनातून उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते? कुशीवर वळा, बसा, मिनिटभर थांबा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा जास्त अंकांनी उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं टाळा, त्याने मणका दबून मोडू शकतो.

योगवर्गाला आठवड्यातून एकदा येऊन भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सुचवते.

आणि एक सराव बऱ्याच वर्गांत राहूनच जातो: जमिनीवरून उठण्याचा. कुशीवर वळा, हात-गुडघ्यांवर या, खुर्चीच्या बैठकीवर हात रोवा, बळकट पाय पुढे टाकून उठा. सुरुवातीला शेजारी कुणीतरी असू द्या. खरोखर पडल्यावर मात्र खुबा, पाठ किंवा मान दुखत असेल तर उठायची धडपड करू नका. हाक मारा आणि मदत येईपर्यंत तसेच पडून राहा.