रानहळद लावायची तर मृगाआधी

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात रानहळदीचे कंद लावून घ्यावेत. रोहिणी संपायच्या आत कंद मातीत गेलेला बरा. मृगाची झड लागल्यावर चिखलात लावलेला कंद बऱ्याचदा फुटण्याआधीच कुजतो.

रानहळद आपल्या घाटातलीच. पावसाळ्यात पिवळी फुलं आणि वर गुलाबी-जांभळा तुरा. पानं हळदीसारखी असल्याने रायबाग-गोकाककडचे हळदवाले शेतकरी तिला हळदीच्याच हिशेबाने वाढवायला जातात: भर उन्हात सरी, युरिया, पाटपाणी. हे तिला मानवत नाही. ती झाडाखाली वाढणारी आहे. परड्यात आंबा, फणस, जांभळाखाली जिथे दिवसभर कवडसे फिरतात, ती जागा निवडा. निलगिरीखाली लावू नका.

कंद ओळखीच्या परड्यातून किंवा रोपवाटिकेतून घ्या, रानातून खणू नका. भीमगड अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार विनापरवाना असं काही काढणं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, डोंगरउतारावरचा एक गड्डा उपटला की तिथली माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

घेताना कंदाचा डोळा, म्हणजे कोंब फुटतो ती जागा, बघून घ्या. मुळांच्या टोकाला लोंबणाऱ्या पांढऱ्या गाठींना डोळा नसतो, त्या कितीही जपून पुरल्या तरी उगवत नाहीत. मधल्या गड्ड्याचा एक-दोन डोळे असलेला तुकडा हवा. तो दोन-तीन बोटं खोल, वीतभर अंतरावर लावा. लाल जांभ्या मातीत कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा पुरे. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या रानात मात्र वाळू मिसळून उंच वाफा करा, आणि पावसाने ओढ दिली तर पाणी द्या. जिथे आलं-हळदीला कंदकूज लागली होती, ती जागा टाळाच. शंका असेल तर शेणखतात ट्रायकोडर्मा (कंदकूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

पावसाच्या सुरुवातीचे तुरे पानांच्या बाजूला, जमिनीलगत येतात. नंतरचे पानांच्या मधून. म्हणून आषाढात तिथे खुरपं घालू नका, तण हातानेच उपटा. गणपतीच्या आराशीला दांडे कापले तरी चालतील, पानं मात्र राखा. पुढच्या वर्षीचा कंद त्यांच्याच जोरावर भरतो.

दिवाळीनंतर पानं पिवळी पडून वाळतात. झाड मेलं समजून बरेच जण इथेच पाणी ओततात आणि झोपलेला कंद कुजवतात. वाळलेली पानं तिथेच पडू द्या, जागेवर खुणेची काठी रोवा आणि वळवापर्यंत पाणी तोडा. रानाला लागून परडं असेल तर याच दिवसांत रानडुकरं कंद उकरतात. वर काटेरी फांद्या पसरून ठेवा. गड्डे दाटले की दोन-तीन वर्षांनी वैशाखातच काढून वाटा, शेजाऱ्यालाही द्या.