हक्सली आणि माल्थस यांची तुलना करताना या चुका टाळा

ऑल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या कादंबरीतली लेनिना ‘माल्थुशियन बेल्ट’ वापरते. त्या पट्ट्यात गर्भनिरोधक साधनं असतात. तेवढ्यावरून ‘माल्थसने संततिनियमन सांगितलं, हक्सलीने ते कादंबरीत दाखवलं’ असं लिहून मोकळं होऊ नका.

लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते असं सांगणारा थॉमस रॉबर्ट माल्थस चर्चचा धर्मोपदेशक होता. कृत्रिम गर्भनिरोधन त्याला अनीतीचं वाटे. त्याचा उपाय ‘नैतिक संयम’, म्हणजे कुटुंब पोसायची ऐपत येईपर्यंत लग्न लांबवायचं आणि तोवर ब्रह्मचर्य पाळायचं. हा उपायही त्याच्या लोकसंख्येवरच्या निबंधाच्या १७९८ च्या पहिल्या आवृत्तीत शोधू नका, तो १८०३ च्या आवृत्तीत आला. माल्थसचं नाव गर्भनिरोधनाला चिकटवलं ते पुढच्या नवमाल्थसवाद्यांनी, म्हणजे लोकसंख्या रोखायला गर्भनिरोधन सुचवणाऱ्यांनी. १८७७ मध्ये लंडनला अ‍ॅनी बेझंट आणि चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यावर खटला चालला तो या विषयावरचं पुस्तक छापल्याबद्दल. आपल्याकडे र. धों. कर्वे याच विचाराचे. लेनिनाच्या पट्ट्याला माल्थसचं नाव मिळालं ते या परंपरेतून. ज्या समाजात ब्रह्मचर्य हीच गैरवर्तणूक, तिथे हे नाव यावं, यातली हक्सलीची बोचरी थट्टा निसटली तर प्रसंगच निसटला.

सालांची गफलतही टाळा. १९३२ च्या कादंबरीत लोकसंख्येचा स्फोट नाही. तिथे जगाची लोकसंख्या दोन अब्जांवर बांधून ठेवलेली आहे आणि उपासमार संपली आहे. वाढत्या लोकसंख्येची चिंता हक्सलीने थेट मांडली ती १९५८ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड रिव्हिजिटेड’ या वैचारिक पुस्तकात, पहिल्याच प्रकरणात. अवतरण कुठलं आहे ते पाहूनच साल घाला.

घराण्याचा धागाही जपून वापरा. डार्विनने १८३८ मध्ये माल्थस वाचला आणि ऑल्डसचे आजोबा टी. एच. हक्सली डार्विनचे खंदे समर्थक होते, हे खरं. पण त्यावरून नातवाची मतं सिद्ध होत नाहीत.

खरी तुलना आदर्श समाजाच्या स्वप्नापाशी आहे, आणि नेमकी तीच बहुधा राहून जाते. माल्थसने निबंध लिहिला तो गॉडविन आणि कॉन्डोर्से या, समतेचा आदर्श समाज शक्य मानणाऱ्या विचारवंतांच्या आशावादाला उत्तर म्हणून. हक्सलीने कादंबरीला सुरुवात केली ती लेखक एच. जी. वेल्सच्या आदर्श जगाची खिल्ली उडवायला. माल्थसच्या मते समतेचा समाज उभारला तरी वाढत्या तोंडांपुढे तो टिकणार नाही. हक्सलीचं जग जन्मच कारखान्यात नेऊन ही अडचण सोडवतं आणि टिकतं. मात्र त्यासाठी आई, घर, कला, धर्म सगळं सोडतं. माल्थसच्या निबंधाच्या पहिल्या आवृत्तीचं दहावं प्रकरण आणि कादंबरीची सोळा-सतरा ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचा. लेखाची सुरुवात तिथून करा.